तीन ठिपक्यांचा रंधा

मांद्र्यातल्या त्या घराच्या सालात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, उभा राहून मी जुन्या दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला आणि हे काम घ्यायला नको होतं हे मला कळलं. पण तोवर मी हो म्हणून बसलो होतो. घराच्या मालकांना समुद्राकडच्या बाजूला चार नव्या खोल्या काढून पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या होत्या. नव्या खोल्यांची दारं आणि जनेलं, म्हणजे खिडक्या, जुन्या घरासारखीच हवीत, जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं ते पाहुण्याला कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. चौकटीभोवती नक्षीची पट्टी फिरते तीसुद्धा तीच हवी.

"मेस्ता, तीच म्हणजे तीच हां," ते म्हणाले. "तशी नव्हे. तीच."

"बाब, मग माझ्याकडे मशीन कशाला आहे?" मी म्हणालो.

डिचोलीला माझ्या कारखान्यात लाकडाची कड कोरणारं मशीन, राउटर, आहे आणि त्याच्या पात्यांनी भरलेला एक अख्खा खण आहे. स्वतःच्या कमाईचं एकेक पातं आणून मी तो भरला. त्यातलं एकही पातं त्या पट्टीला बसलं नाही. पट्टीच्या फुगीर भागाला आम्ही गोला म्हणतो, खोलगट भागाला गलता. कारखान्यात बनलेल्या पात्याचा गोला म्हणजे वर्तुळाचा तुकडा असतो, कंपासनं काढलेला. ह्या पट्टीचा गोला कंपासचा नव्हता. तो वरून हळू उतरत यायचा, पोटाशी आल्यावर एकदम वळायचा, मग एक बारीक पायरी, जेमतेम नखाएवढी आणि जराशी तिरकी, आणि तिच्या खाली गलता. बेळगावला एकाकडून मी त्या मापाचं पातं घासून आणलं. त्यानं सागवानाची कड करपवली आणि जिथं रेषा उलटी फिरते तिथं लाकूड उचकटलं. मालकांनी माझ्या नमुन्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता तो माझ्या हातात परत दिला. काही बोलले असते तर मी भांडलो असतो, तेवढंच बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी अंगठा फिरवला तेव्हाच मला माहीत होतं की ती पट्टी कशानं काढली आहे. ती एका लाकडी रंध्यानं काढली होती. तो रंधा मी केला होता. तो माझ्याकडे नव्हता.

मी चंदगडकडचा. सतराव्या वर्षी तिलारीचा घाट उतरून गोव्यात आलो आणि पेडणे तालुक्याच्या आतल्या अंगाला, इब्रामपूरला, एका मेस्ताच्या हाताखाली राहिलो. सुताराला इकडं मेस्त म्हणतात. मेस्तांचं घर आणि कामाचा मांडव एकाच अंगणात होता. हाताखालची बाकीची पोरं गावातली; दुपारी ती घरी जेवायला जायची आणि मी मेस्तांच्या बायकोच्या, काकींच्या, पडवीत जेवायचो. मला सगळे घाटी म्हणत. घाटावरून आला तो घाटी. नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही नंतर सांगायचं सोडून दिलं.

पहिली तीन वर्षं मेस्तांनी मला साध्या रंध्याशिवाय दुसऱ्या रंध्याला हात लावू दिला नाही. नक्षीचे रंधे पेटीत असत. लोकांना वाटतं रंधा म्हणजे लाकूड गुळगुळीत करायचं हत्यार. नक्षीचा रंधा वेगळा. तो वीतभर लांब, अरुंद आणि उभा असतो आणि त्याचा तळ सपाट नसतो. तळ खोलगट असेल तर लाकडावर गोला उठतो, तळ फुगीर असेल तर गलता उतरतो. एका आकाराला एक रंधा. दुसरा आकार हवा असेल तर दुसरा रंधा करा, नाहीतर गप्प बसा.

पाचव्या वर्षी पावसाळ्यात काम कमी होतं. मी उरलेल्या शिसवाचा एक तुकडा मागून घेतला. मला नवीन आकार हवा होता, पेटीतल्या कुठल्याच रंध्यात नसलेला. काकींनी खवून टाकलेली नारळाची एक करवंटी पडवीत पडली होती. तिचा एक तुकडा फोडून घेतला, लाकडावर ठेवला आणि त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली. म्हणून तो गोला कंपासचा नाही. पेडण्याच्या लोहाराकडून जुन्या कानशीचं पातं ठोकून आणलं. तळ मी हातानं कोरला, काम सुटल्यावर, अकरा दिवस. पहिली पट्टी निघाली ती मेस्तांनी उचलून उजेडाला धरली आणि "हूं" म्हणाले. पाच वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं ते.

मग खंडेनवमी आली. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून देवासमोर मांडायची, आणि त्या वर्षी मांडवात जे नवीन हत्यार आलं असेल त्याच्या पुढच्या टोकावर मेस्त तापवलेल्या खिळ्यानं तीन ठिपके डागायचे. ठिपके पडले की ते हत्यार त्या घराचं. विकत आणलेलं असो की कुणी केलेलं असो. ही रीत मला ठाऊक होती. तरी त्या सकाळी माझा रंधा मीच नेऊन रांगेत ठेवला. मला वाटलं होतं, मेस्त तो बाजूला काढतील आणि म्हणतील, हा ह्याचा. मेस्त ओळीनं डाग देत आले. माझ्या रंध्याशी त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही. तीन ठिपके, हळदकुंकू, पुढचा.

दोन वर्षांनी मी तिथून निघालो ते वेगळ्याच भांडणावरून. सरसाचं भांडं मी जाळलं की दुसऱ्यानं, अशी काहीतरी गोष्ट होती. बरंच बोललो, मेस्तही बोलले, पण रंध्याचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही. पुढं तेरेखोलपासून मांद्र्यापर्यंत ज्याला जुन्या पद्धतीची दारं हवीत तो "इब्रामपूरच्या मेस्ताची नक्षी" मागायला लागला. ती नक्षी म्हणजे माझ्या रंध्याची. मी डिचोलीला भाड्याच्या पत्र्याखाली खुर्च्या ठोकत होतो तेव्हा माझा आकार लोकांच्या दारादारांवर चढत होता आणि नाव दुसऱ्याचं होत होतं. ही गोष्ट मी लाकडाच्या व्यापाऱ्यांना सांगितली आहे, कामगारांना सांगितली आहे, एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली आहे. माझ्या बायकोला ती इतक्यांदा ऐकावी लागली आहे की मी सुरुवात केली की ती गॅस बंद आहे का ते बघायला उठते.

मेस्त दोन वर्षांपूर्वी गेले. मी बाराव्याला गेलो नाही. काम होतं. खरंच होतं.

मांद्र्याचा नमुना परत आल्यावर चार-पाच दिवसांतच काकींचा फोन आला. मुलगा बोटीवर नोकरीला, घरात त्या एकट्याच. "पेटी विकपाक काढतंय रे," त्या म्हणाल्या. "एक हॉटेलवालो रंधे भिंतीक लावपाक मागता. तुका जाय तर आधी येवन बघ."

भिंतीला लावायला. मला हवे असतील तर आधी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो काढला.

वाटेत मी ठरवलं की गोष्ट सांगायची नाही, भाव करायचा. माझा सगळा धंदा भाव करण्यावर उभा आहे. लाकडाच्या लिलावात मी शिकलो ते असं की जो ओंडका हवा त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. नको असलेल्या ओंडक्याभोवती दोन फेऱ्या मारायच्या, त्याला थोपटायचं, त्याची स्तुती करायची, मग किंमत ऐकून तोंड वाकडं करायचं आणि हव्या असलेल्या ओंडक्याला लाथ मारून म्हणायचं, मग हा कुजका तरी द्या. तीस वर्षं ह्या रीतीनं माझं पोट भरलं आहे. आणि इथं तर समोर म्हातारी बाई. माझाच रंधा माझा म्हणून मागायला गेलो असतो तर माझी चौतीस-पस्तीस वर्षांची जळजळ तिच्या पायाशी ओतावी लागली असती. त्यापेक्षा फालतू भावात उचलून आणलेला बरा.

काकी पडवीत पाटावर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"इलंस? मेस्त गेलो तेव्हां इलंस ना. पेटी उघडली तसो इलंस."

"काम होतं, काकी."

"हय, काम. बस. उंडो खा. पोदेर सकाळीं येवन गेलो, दुपारपर्यंत तो दगड जाता."

पाववाल्याकडचा तो गोल कडक उंडा मी चहात बुडवून खाल्ला. गुडघे दुखत होते, पाट बुटका होता, उठताना मला खांब धरावा लागला. काकींनी ते पाहिलं. त्याचा मला राग आला.

चटईवर रंधे मांडले होते, तीस-बत्तीस तरी असतील. पेटीला कोकमाच्या तेलाचा वास होता. मी खाली बसून एकेक उचलायला लागलो.

नक्षीचा रंधा निवडताना आधी पातं बघायचं नाही, पातं बदलता येतं. आधी रंधा डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि तळाची रेष बघायची. लाकूड पिळलं असेल तर तो गेला. पीळ काढायला तळ तासला की नक्षीच पुसली जाते. मग तोंड, म्हणजे तासलेल्या लाकडाची साल जिथून बाहेर येते ती फट. ती रुंदावली असेल तर रंधा गुळगुळीत कापत नाही, ओरबाडतो. मग पाचर: हातानं दाबून बसते की हातोडी मागते. मग भुंग्याची भोकं. सगळ्यात शेवटी पातं तळाला लावून बघायचं. वर्षानुवर्षं धार लावताना पात्याचा आकार हळूहळू सरकत जातो, तळाचा तसाच राहतो, आणि एक दिवस दोघांचं जमेनासं होतं. जोडीचे रंधे असतील तर एकाचा गोला दुसऱ्याच्या गलत्यात बसवून उजेडाकडं धरायचे. मध्ये फट दिसली तर ती जोडी नव्हे, कुणीतरी लावून दिलेली आहे.

मला हवे होते तीन. माझा एक, आणि कोपऱ्यातल्या बारीक कामासाठी एक जोडी. बाकीच्यांचं मला काही करायचं नव्हतं. म्हणून मी बाकीचेच आधी उचलले.

"वा! हा बघा काकी. असा आता कुठं मिळत नाही."

"मिळना?"

"कुठं मिळणार? शिसव आहे. तळ बघा, नुसता आरसा."

"मगे होच म्हाग."

"महाग नाही हो. मी चांगला म्हटलं."

"चांगलो म्हळ्यार म्हाग. पेडण्याच्या बाजारांत माका कोणी चांगले बांगडे सवंग दिवंक ना."

मी हसलो. भाव करणाऱ्याशी भाव करायला मला आवडतं. एकेक करून सात-आठ रंधे मी चांगल्यांच्या ढिगात टाकले आणि प्रत्येकाची काही ना काही तारीफ केली. खोटी करावी लागली नाही. मेस्तांनी हत्यारं खरोखर फार नीट ठेवली होती. मग मला हवी असलेली जोडी त्याच ढिगात हळूच सरकवली. दुसऱ्या बाजूला टाकाऊंचा ढीग. एक पिळलेला, दोन भुंग्यानं खाल्लेले.

माझा रंधा चटईच्या कडेला होता. माझ्या हातानं तो आधी ओळखला, डोळ्यांनी नंतर. पुढच्या टोकावर तीन ठिपके, आता काळे कुळकुळीत. मी तो उचलून एक डोळा मिटला. तळ सरळ. तोंड अरुंद, जसं मी सोडलं होतं तसंच. पाचर बदललेली नव्हती. पातं बरंच आखूड झालं होतं, इतकी वर्षं धार लावून लावून. मी ते तळाला लावून बघितलं. गोला, पायरी, गलता, केसाचाही फरक नाही. इतक्या वर्षांत आकार सरकू द्यायचा नाही म्हणजे प्रत्येक वेळी धार लावताना थांबून तळाला लावून बघायला लागतं. माझ्या हातात राहिला असता तर मी तो इतका सांभाळला असता का, हे मला सांगता येत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हा गेला," मी म्हणालो. "तोंड फाटलंय. जळाऊ आहे."

"जळाऊ?"

"हो. न्हाणीत भाणाखाली घाला."

आणि मी तो टाकाऊंच्या ढिगात फेकला. गरजेपेक्षा जोरात फेकला.

"बरें," काकी म्हणाल्या.

मग आम्ही दहा रंध्यांवर बसलो. मी एक आकडा सांगितला, काकींनी आकडा सांगितलाच नाही. त्या नुसत्या ढिगाकडं बघत राहिल्या. मी वर गेलो. त्या म्हणाल्या, हॉटेलवाल्यानं ह्याच्याहून जास्त म्हटलंय, आणि ताका त्यांतलें काय कळना, तो भिंतीक लावतलो. मी म्हणालो, भिंतीला लावणाऱ्याला विकणार? मेस्तांना बरं वाटेल? त्या म्हणाल्या, मेस्ताक आतां कायच वाटना. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी हात झटकले, उठायला लागलो, परत बसलो, जे मी नेहमी करतो, आणि मग जाता जाता सुचल्यासारखं म्हणालो, "बरं, तुमच्या मनासारखं. पण ते टाकाऊ चारही वर टाका मग. तुम्हाला उचलायचा त्रास नको."

"त्रास कसलो? न्हाणी हांगाच आसा."

काकी उठल्या. त्या वयाच्या मानानं चटकन उठल्या. टाकाऊ चारही रंधे छातीशी धरले आणि पडवीच्या टोकाला न्हाणीकडं निघाल्या. भाणाखाली, पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ होता. गरम पाण्याला म्हणून सकाळपासून लावलेला असेल. मी मागोमाग गेलो. आत अंधार, धूर आणि तांब्याच्या भाणाला आलेला काळपटपणा. काकी चुलीपुढं बसल्या आणि पिळलेला रंधा आत सारला. तो सुक्या शिसवाचा, लगेच पेटला नाही, धुमसला. मग भुंग्यानं खाल्लेला एक. तो भराभरा पेटला. मग दुसरा.

मग त्यांनी माझा हातात घेतला. ठिपक्यांच्या बाजूनं.

"थांबा," मी म्हणालो.

"कित्याक?"

"तो नको."

"जळाऊ मरे? तूंच सांगलंस."

"काकी, तो इकडं द्या."

"कोणाचो तो?"

मी हात पुढं केला. त्या रंधा जाळाजवळ नेत म्हणाल्या, "कोणाचो मगे? माका सांग. तीन ठिपके आसत. ह्या घराचो तर मी जाळतंय."

"माझा आहे!" मी ओरडलो. न्हाणीएवढ्या जागेत ते फार मोठं झालं. "माझा आहे तो! मी केलाय! तुमच्या नवऱ्यानं डाग दिला म्हणून त्याचा झाला? मी कोरलाय तो, माझ्या हातानं, अकरा दिवस! साऱ्या पेडण्यात त्यानं त्याच्यावर नाव कमावलं!" आणखीही बरंच बोललो. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये ते बोललो.

काकी ऐकत राहिल्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी रंधा पदरानं पुसला.

"माका सांगतंस?" त्या म्हणाल्या. "करवंटी माझी. अकरा दिस माझ्या पडवींत बसून कोरलंस, भुसो मी झाडलो."

"मग मघाशी का बोलला नाहीत?"

"तूं जळाऊ म्हणालंस. मेस्त तूं. मी कोण सांगपी?"

भाणातलं पाणी आता आवाज करायला लागलं होतं.

"ताका केन्ना सांगलंस?" काकींनी विचारलं. "हो माझो म्हणान?"

"त्यांना माहीत नव्हतं?"

"विचारतंय तें सांग."

"नाही सांगितलं."

"मगे."

त्यांनी रंधा माझ्या हातात दिला. लाकूड जाळाच्या बाजूनं कोमट झालं होतं. मी तिथंच धुरात उभा होतो आणि निघून जायला हवं होतं. पण मी विचारलं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं हा ताप डोक्यात बाळगला ते विचारल्याशिवाय पाय निघेना.

"ते कधी काही म्हणायचे का? माझ्याबद्दल?"

काकी विचार करायला लागल्या. खरोखर आठवून बघत होत्या, हे मला दिसत होतं.

"ना," त्या म्हणाल्या. "कायच ना."

"त्यांनी ह्याची धार फार सांभाळलीय. आकार जरासुद्धा हललेला नाही."

"सगळ्यांची सांभाळी तो. पेटी बघलंस मरे आतां."

बघितली होती. अर्धा तास एकेक रंधा उचलून मी तेच म्हणत होतो.

पडवीत आल्यावर काकी पुन्हा पाटावर बसल्या आणि दहा रंध्यांच्या ढिगाकडं बोट केलं. "तो तुझो, तुका दिलो. आतां ह्यांचे बोल. आरसो म्हणालंस, असो खंय मिळना म्हणालंस. पयलो आकडो कमी होतो."

त्या म्हणाल्या तेवढे मी दिले. भाव केला नाही. डोकं चालत नव्हतं असं नव्हे, दोन पळवाटा मला दिसत होत्या. पण अंगात ताकद नव्हती. आठ रंधे मला नको होते तरी मी विकत घेतले, का तर मी त्यांची स्तुती केली होती. टेम्पोत ठेवताना काकी पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "चतुर्थीक ये जमत तर." मी हो म्हणालो.

मांद्र्याचं काम पुढच्या आठवड्यात सुरू केलं; रंधा इब्रामपूरहून मिळवला, एवढंच मालकांना सांगितलं. नव्या खोलीच्या बाल्कांवात, बाहेरच्या व्हरांड्यात, बाक लावला. नक्षीचा रंधा साध्या रंध्यासारखा मागून पुढं पूर्ण लांबीवर ओढत नाहीत. पट्टीच्या पुढच्या टोकाला वीतभर सुरुवात करायची आणि प्रत्येक फेरीला थोडं मागं सरकायचं, म्हणजे पात्याला आधी काढलेली वाट सापडते. सगळी पट्टी अशी मागं मागं चालत काढायची. शेवटी शेवटी साल अखंड निघते आणि रंधा तळाला टेकला की कापणं आपोआप थांबतं. पहिली पट्टी निघाली ती मी जुन्या चौकटीच्या कोपऱ्यात धरून बघितली. जोड दिसत नव्हता. खांदा दुखून आला होता. मशीननं एका सकाळीत संपलं असतं असं काम चार दिवसांचं होतं, आणि मी सत्तावन्न वर्षांचा आहे.

तिसऱ्या दिवशी मालक कुणा दोन पाहुण्यांना घर दाखवत आले. एक बाई, एक माणूस, दोघंही पुण्याकडचे असावेत, चांगलं मराठी बोलत होते. मालकांनी जुन्या दारापाशी थांबून पट्टीवर हात ठेवला.

"ही आमच्या पेडण्याची खास गोष्ट," ते म्हणाले. "इब्रामपूरच्या मेस्ताची नक्षी. मेस्त आता नाहीत. पण त्यांचा रंधा मिळवला आम्ही."

मी पट्टीच्या मध्यात होतो. हात थांबवला.

"नक्षी माझी आहे, बाब."

"हां, तुमचीच तर," मालक म्हणाले. "तुम्हीच करताय ना सगळी."

"ही नव्हे. ती. जुनीपण. आकार मी काढला होता, त्यांच्याकडं कामाला असताना. रंधा मी केला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग परत माझ्याकडं. "अरे वा," त्या म्हणाल्या. "किती छान!"

"असं?" मालक म्हणाले. त्यांना ते खोटं वाटलं असं नाही. खरं वाटलं असंही नाही. मेस्त माणसं काहीतरी बोलतात, तसं त्यांनी ते घेतलं. ते थोडे थांबले, मी आणखी काही सांगेन म्हणून. माझ्याकडं सगळी गोष्ट तयार होती, पहिल्यापासून, करवंटीपासून, इतक्यांदा सांगितलेली. मी ती सुरू केली नाही.

"बरं, बेस्तवारपर्यंत होईल ना?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवार धरा," मी म्हणालो. ते पाहुण्यांना घेऊन समुद्राच्या बाजूला गेले. पट्टी अर्धी झाली होती, आणि अर्ध्यावर सोडली तर पुन्हा पातं लावताना रेष पडते. म्हणून मी ती पूर्ण केली.